‘आयएनएस खुकरी’ : रचना, कामगिरी आणि जलसमाधी

दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर, ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, ‘आयएनएस खुकरी’ ही फ्रिगेट पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतिराला बळी पडली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना तिच्याबरोबर जलसमाधी मिळाली. स्वतंत्र भारताने युद्धात गमावलेली ही एकमेव युद्धनौका. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धात बुडवलेली जगातली पहिली. ‘खुकरी’चे नाव निघाले की बोलणे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्या बलिदानापाशी येऊन थांबते आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु ही नौका मुळात काय होती, कोणत्या शत्रूसाठी ती बांधली गेली आणि त्या रात्री तिची गाठ प्रत्यक्षात कोणाशी पडली, हे पाहिल्याखेरीज त्या घटनेचा अर्थ पुरता लागत नाही.

काटकसरीतून जन्मलेली नौका

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनची अन्नधान्याची वाट जवळजवळ बंद करत आणली होती. युद्ध संपल्यावर जर्मन पाणबुडीतंत्र सोव्हिएत संघाच्या हाती लागले आणि ब्रिटिश नौदलाला पुन्हा त्याच संकटाची चाहूल लागली. त्यावर उतारा म्हणून ‘टाइप १२’ या पाणबुडीविरोधी फ्रिगेटचा आराखडा तयार झाला. नौका उत्तम होती, पण महाग होती आणि बांधायला वेळ लागणारी होती. व्यापारी ताफ्यांच्या रक्षणासाठी तर डझनांनी फ्रिगेट लागणार होत्या. तेव्हा ‘टाइप १२’ची यंत्रसामग्री निम्मी करून, तोफा जवळजवळ काढून टाकून, केवळ पाणबुडीची शिकार हे एकच काम करणारी एक छोटी, स्वस्त फ्रिगेट आखण्यात आली. हीच ‘टाइप १४’, अर्थात ‘ब्लॅकवुड’ वर्ग. ब्रिटिश नौदलाने स्वतःच तिला दुय्यम श्रेणीत बसवले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या नौकेची लांबी ३१० फूट, रुंदी ३३ फूट आणि प्रमाणित वजन ११८० टन. दोन बॉयलरांची वाफ एकाच टर्बाइन संचाला मिळे. त्यातून सुमारे १५ हजार अश्वशक्ती निर्माण होई आणि ती एकाच दांड्यावरून एकाच प्रोपेलरला दिली जाई. वेग २७ नॉटच्या आसपास. ‘टाइप १२’ला असे दोन दांडे होते, एक निकामी झाला तरी दुसऱ्यावर बंदर गाठता येई. ‘टाइप १४’ला ती सोय नव्हती. पृष्ठभागावरच्या नौकेशी दोन हात करू शकेल अशी मोठी तोफ तिच्यावर नव्हती. विमानांपासून बचावासाठी ४० मिलिमीटरच्या तीन बोफोर्स तोफा, एवढाच तोफखाना. हेलिकॉप्टरचा तर प्रश्नच नव्हता. हेलिकॉप्टर घेऊन फिरणाऱ्या फ्रिगेटची कल्पना त्यानंतर रूढ झाली.

तिची खरी ताकद होती नौकेच्या मागच्या भागात बसवलेल्या ‘लिंबो’ नावाच्या दोन उखळी तोफांत. प्रत्येकीला तीन नळ्या, म्हणजे एका वेळी सहा बॉम्ब. सोनारने ध्वनिलहरी पाण्यात सोडायच्या, पाणबुडीवर आपटून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून तिचे अंतर, दिशा आणि खोली काढायची, ते आकडे थेट तोफेला पुरवायचे आणि नौकेच्या डोक्यावरून उडालेले सहा बॉम्ब पाणबुडीभोवती नेमक्या खोलीवर फुटावेत, अशी ही योजना. महायुद्धातल्या डेप्थ चार्जपेक्षा ती कितीतरी प्रगत होती. डेप्थ चार्ज टाकण्यासाठी नौकेला पाणबुडीच्या थेट डोक्यावर जावे लागे आणि ऐन वेळी सोनारचा संपर्क तुटे. ‘लिंबो’ने तो दोष दूर केला. मात्र तिचा पल्ला होता जेमतेम एक हजार यार्ड, म्हणजे ९०० मीटरच्या आसपास. पाणबुडीवर वार करायचा तर आधी तिच्या इतके निकट जाणे भाग होते. महायुद्धातली, पाण्याखाली संथ सरकणारी आणि बॅटऱ्या भरण्यासाठी वरचेवर वर येणारी पाणबुडी समोर असती, तर हे गणित जमण्यासारखे होते.

ब्रिटनने अशा १२ नौका बांधल्या. त्यांचा सांगाडा हलका होता, इतका की आइसलँडशी मासेमारीवरून झालेल्या तंट्यात उत्तर अटलांटिकच्या खवळलेल्या समुद्रात गस्त घालताना त्याचा कस लागला आणि तो मजबूत करून घ्यावा लागला. स्वस्ताईची किंमत अशी कुठे ना कुठे चुकवावी लागतेच.

कावजहून मुंबईला

स्वातंत्र्यानंतर भारतीय नौदलाकडे होत्या त्या महायुद्धकालीन जुन्या नौका. पन्नाशीच्या दशकात नव्या फ्रिगेट घेण्याचे ठरले, तेव्हा ब्रिटनकडे एकूण आठ नौकांची मागणी नोंदवण्यात आली. ‘तलवार’ आणि ‘त्रिशूल’ या ‘टाइप १२’च्या, ‘ब्रह्मपुत्र’, ‘बियास’ आणि ‘बेतवा’ या विमानविरोधी ‘टाइप ४१’च्या, आणि ‘खुकरी’, ‘कृपाण’ व ‘कुठार’ या तिघी ‘टाइप १४’च्या. पहिल्या दोन आणि शेवटच्या तीन नौकांना शस्त्रांची नावे मिळाली, मधल्या तिघींना नद्यांची. खुकरी म्हणजे गुरख्यांचा तो प्रसिद्ध वाकडा सुरा.

‘खुकरी’ची उभारणी इंग्लंडच्या दक्षिणेला, आइल ऑफ वाइट बेटावरील कावज येथे जे. सॅम्युएल व्हाइट यांच्या गोदीत झाली. डिसेंबर १९५५ मध्ये काम सुरू झाले, नोव्हेंबर १९५६ मध्ये जलावतरण झाले आणि जुलै १९५८ मध्ये ती भारतीय नौदलात दाखल झाली. ‘कृपाण’ आणि ‘कुठार’ १९५९ मध्ये आल्या. या तिघी मिळून नौदलाचा चौदावा फ्रिगेट ताफा बनला. डिसेंबर १९६१ मधील गोवा मुक्तीच्या मोहिमेत या तिन्ही नौका विमानवाहू ‘विक्रांत’च्या संरक्षक ताफ्यात होत्या. त्याच मोहिमेत ‘दिल्ली’ या क्रूझरने दीवच्या पोर्तुगीज ठाण्यावर तोफा डागल्या होत्या. दहा वर्षांनी ‘खुकरी’चा शेवट त्याच दीवच्या समुद्रात व्हायचा होता.

साठीच्या दशकात या ताफ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना भारतात नव्हे, फ्रान्समध्ये घडली. पाकिस्तानने ‘दाफ्ने’ वर्गाच्या तीन पाणबुड्या फ्रान्सकडून घेतल्या. ‘हंगोर’, ‘शुशुक’ आणि ‘मांग्रो’ या त्या पाणबुड्या १९६९ ते १९७० च्या दरम्यान पाकिस्तानी नौदलात आल्या. दाफ्ने ही आकाराने लहान होती. पाण्याखाली असताना तिचे वजन हजार टनांच्या थोडेसे वर. पण आवाज अगदी कमी, पाण्याखालचा वेग १६ नॉटपर्यंत आणि पाणतीर सोडण्यासाठी तब्बल १२ नळ्या. शत्रूच्या नौकेच्या आवाजाचा माग घेत जाणारे पाणतीर तिच्याकडे होते. स्वतः ध्वनिलहरी न सोडता, केवळ कान देऊन, दूरवरच्या नौकेच्या प्रोपेलरचा आवाज टिपणारी तिची श्रवणयंत्रणा आधुनिक होती. ‘खुकरी’चा सोनार पाणबुडीचा सुगावा लावण्याच्या कितीतरी आधी पाणबुडीला ‘खुकरी’ ऐकू येणार, हे या दोन यंत्रणांच्या तुलनेतूनच उघड होत होते. शिकारी आणि सावज यांच्या जागा बदलल्या होत्या.

डिसेंबर १९७१

३ डिसेंबर १९७१ रोजी युद्धाला तोंड फुटले. ४ डिसेंबरच्या रात्री भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवून ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका बुडवली. पश्चिम किनाऱ्यावर नौदलाचे पारडे जड झाले होते. पण त्याच सुमारास पाण्याखालून धोका डोकावत होता. ‘हंगोर’ आपल्या किनाऱ्यावरील मुख्यालयाला बिनतारी संदेश पाठवत होती आणि दिशाशोधक केंद्रांनी त्या संदेशांचा उगम दीवच्या नैर्ऋत्येला असल्याचे हुडकले. सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगतची ही वाट म्हणजे मुंबईहून कराचीकडे जाणाऱ्या क्षेपणास्त्र नौकांचा रस्ता. तेथे शत्रूची पाणबुडी दबा धरून बसू देणे परवडणारे नव्हते.

पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एस. एन. कोहली यांनी पाणबुडीचा बंदोबस्त करण्यासाठी चौदावा ताफा पाठवला. ‘कुठार’ यंत्रदुरुस्तीसाठी मुंबईतच होती. त्यामुळे ८ डिसेंबरला मुंबईहून दोनच नौका निघाल्या, ‘खुकरी’ आणि ‘कृपाण’. ताफ्याचे प्रमुख कप्तान मुल्ला ‘खुकरी’वर होते. गोरखपूर येथे १९२६ साली जन्मलेले मुल्ला १९४८ पासून नौदलात अधिकारी होते.

‘खुकरी’वर त्या दिवसांत सोनारचा एक प्रयोगही सुरू होता. जुन्या सोनारचा पल्ला वाढावा यासाठी नौदलातील एका तरुण विद्युत अधिकाऱ्याने एक जोडयंत्र बनवले होते आणि त्याची चाचणी घेण्यासाठी तो अधिकारी स्वतः नौकेवर आला होता. वेग वाढला की स्वतःच्याच यंत्रांचा आणि कापल्या जाणाऱ्या पाण्याचा आवाज सोनारच्या कानात भरतो; म्हणून चाचणीच्या वेळी नौकेचा वेग मंद ठेवला जाई. पाणबुडी टपून बसली असताना संथ गतीने, ठरावीक मार्गाने फिरणे हे फ्रिगेटसाठी जोखमीचे. आणि आपल्या सोनारचा पल्ला अपुरा आहे हे माहीत असताना तो वाढवण्याची संधी सोडणे, हेही जोखमीचेच. मुल्लांनी यातली कोणती जोखीम पत्करली ते सर्वज्ञात आहे. त्यावरून नंतर त्यांच्यावर टीका झाली. पण दुसरी निवड केली असती तर नौका निश्चित वाचली असती, असे कोणाला छातीठोकपणे सांगता येईल असे वाटत नाही.

९ डिसेंबरच्या पहाटेच ‘हंगोर’ला या दोन नौकांचा सुगावा लागला होता. तिचे कमांडर अहमद तसनीम यांनी दिवसभर त्यांचा पाठलाग केला. पाण्याखालची पाणबुडी फ्रिगेटच्या वेगाशी बरोबरी करू शकत नाही. पण या दोन नौका आयताकृती पट्ट्यात येरझाऱ्या घालत शोध घेत होत्या आणि ती आकृती ‘हंगोर’च्या नकाशावर उमटत गेली. मग पाठलाग करण्याची गरजच उरली नाही. नौका जिथे परत येणार तिथे आधी जाऊन थांबणे पुरेसे होते. संध्याकाळपर्यंत ‘हंगोर’ने ती जागा गाठली.

रात्री साडेआठ ते नऊच्या दरम्यान पहिला पाणतीर सुटला तो ‘कृपाण’च्या दिशेने. तो न फुटताच निघून गेला. दुसरा ‘खुकरी’वर सोडला गेला आणि दारूगोळ्याच्या कोठाराच्या भागात नौकेच्या बुडाखाली त्याचा स्फोट झाला. तिसरा वेगाने वळून निघालेल्या ‘कृपाण’वर सोडण्यात आला. त्याने ‘कृपाण’चे नुकसान केल्याचे पाकिस्तानात सांगितले जाते, ‘कृपाण’ मात्र त्यातून सुखरूप निसटली.

‘खुकरी’ अवघ्या काही मिनिटांत बुडाली. वाचलेल्यांच्या आठवणींत रेडिओवरच्या रात्रीच्या बातम्यांचा उल्लेख येतो. त्या ऐकण्यासाठी अनेक जण खालच्या मजल्यांवर एकत्र जमले होते. दिवे गेले, नौका कलली, अरुंद जिन्यांवर आणि दारांशी गर्दी झाली. इथे पुन्हा नौकेची रचना आठवते. जेमतेम ३३ फूट रुंदीच्या, मुळात लहान ताफ्यासाठी आखलेल्या या नौकेवर त्या रात्री २६१ माणसे होती. ब्रिटिश नौदलात याच वर्गाच्या नौकेवर दीडशेच्या आत माणसे असत.

नौका सोडण्याचा हुकूम मुल्लांनी दिला. ब्रिजवरून, म्हणजे नौकेचे संचालन होते त्या जागेवरून, त्यांनी बाहेर पडणाऱ्यांना दिशा दाखवली, बिचकलेल्यांना पाण्यात उडी घ्यायला लावली. आपले जीवरक्षक साधन त्यांनी एका नौसैनिकाला देऊन टाकले. वाचलेल्यांनी त्यांना शेवटचे पाहिले ते नौकेबरोबर खाली जाताना. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. सोनारचे जोडयंत्र बनवणारा तो तरुण अधिकारीही परतला नाही.

‘कृपाण’चा निर्णय

‘कृपाण’ त्या वेळी थांबली नाही. पाण्यात सहकारी हाका मारत असताना तिने अंतर वाढवले आणि ती दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ या पाणबुडीविरोधी नौकेबरोबर तेथे आली. तेव्हा ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिक जिवंत हाती लागले. या निर्णयाने अनेकांच्या मनात कायमचा सल ठेवला. ज्यांचे आप्त गेले त्यांचा रोष समजण्यासारखा आहे. पण नौदलांनी हा धडा फार मोठी किंमत देऊन गिरवला होता. २२ सप्टेंबर १९१४ रोजी उत्तर समुद्रात ‘अबुकिर’ या ब्रिटिश क्रूझरला जर्मन पाणबुडीने बुडवले. बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी ‘होग’ आणि ‘क्रेसी’ या तिच्या सोबतिणी थांबल्या. त्याच पाणबुडीने त्या दोघींनाही एकामागून एक तळाला धाडले आणि सुमारे १४५० माणसे गेली. थांबलेली नौका हे पाणबुडीसाठी सर्वांत सोपे लक्ष्य असते. ‘कृपाण’ थांबली असती तर तिच्यासाठी चौथा पाणतीर ‘हंगोर’कडे तयार होताच. त्या रात्री ‘कृपाण’च्या कप्तानासमोर योग्य वाटेल असा कोणताही पर्याय नव्हता, असेच म्हणावे लागते.

पुढचे चार दिवस नौदलाने ‘हंगोर’चा कसून पाठलाग केला. नौका, नुकतीच दाखल झालेली सी किंग हेलिकॉप्टरे, अलिझे विमाने असे जे हाताशी होते ते सारे कामाला लावण्यात आले. १० डिसेंबरला या शोधावर असलेले एक अलिझे पाकिस्तानी एफ-१०४ लढाऊ विमानाने पाडले आणि त्यातील तिघे वैमानिक-कर्मचारी मृत्युमुखी पडले. ‘हंगोर’ डेप्थ चार्जच्या माऱ्यातून निसटत कराचीला पोहोचली. पाकिस्तानी नौदल ९ डिसेंबर हा दिवस ‘हंगोर दिन’ म्हणून पाळते.

नंतरचा शोध

चौकशी, आठवणी आणि वाद यांची भर पुढे अनेक वर्षे पडत राहिली. व्हाइस ॲडमिरल जी. एम. हिरानंदानी यांनी लिहिलेल्या नौदलाच्या अधिकृत इतिहासात या घटनेचा ऊहापोह आहे. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी २००६ मध्ये वाचलेल्यांच्या आठवणींवर आधारित इंग्रजी पुस्तक लिहिले. जुन्या सोनारच्या दोन फ्रिगेटना आधुनिक पाणबुडीमागे पाठवणे योग्य होते का, हेलिकॉप्टरांची जोड का दिली गेली नाही, वेग का कमी होता, असे प्रश्न पुनःपुन्हा विचारले गेले. यातले काही प्रश्न व्यक्तींच्या निर्णयांचे आहेत. पण मुळाशी आहे ती पन्नाशीच्या दशकातली एक खरेदी आणि त्या खरेदीला १२-१३ वर्षांत मागे टाकून गेलेले तंत्र. सोनार बदलला गेला नाही, शस्त्र बदलले गेले नाही आणि शत्रूची पाणबुडी मात्र बदलली.

नौदलाने घेतलेला सर्वांत टिकाऊ बोध प्रयोगशाळेत उमटला. ‘खुकरी’वर होता त्याच जातीच्या ‘१७० बी’ सोनारची नव्याने रचना करण्याचे काम ए. पॉलराज या नौदल अधिकाऱ्याकडे आले. सत्तरीच्या दशकात सुधारित सोनार नौकांवर बसला. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली कोचीच्या प्रयोगशाळेत ‘अपसोह’ हा संपूर्ण भारतीय बनावटीचा सोनार तयार झाला आणि ऐंशीच्या दशकात तो फ्रिगेटवर आला. हेच पॉलराज नंतर अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि आज मोबाइल फोनपासून वाय-फायपर्यंत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या बहुअँटेना तंत्राचे जनक ठरले. नौकांच्या बाबतीत बदल आधीच सुरू झाला होता. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘निलगिरी’ ही लिअँडर वर्गातील पहिली भारतीय फ्रिगेट जून १९७२ मध्ये नौदलात आली. तिच्यावर हेलिकॉप्टर उतरण्याची सोय होती आणि याच मालिकेतील शेवटच्या ‘तारागिरी’ व ‘विंध्यगिरी’ यांवर तर पाणबुडीचा शोध घेणारे मोठे सी किंग मावेल अशी रचना करण्यात आली. पाणबुडीने आपल्याला गाठण्याआधी, दूरवरच तिला गाठायचे, हे सूत्र त्यामागे होते.

‘कृपाण’ आणि ‘कुठार’ यांना १९७१ नंतर पाणबुडीच्या शिकारीत फारसे स्थान उरले नाही. तटरक्षक दलाची स्थापना झाली तेव्हा त्याच्या पहिल्या ताफ्यात पाच गस्तीनौकांबरोबर या दोन जुन्या फ्रिगेट दाखल झाल्या. तस्करीच्या होड्यांवर नजर ठेवण्यासाठी त्या पुरेशा होत्या.

‘खुकरी’चे नाव नौदलाने मिटू दिले नाही. माझगाव गोदीतच बांधलेली क्षेपणास्त्रधारी कॉर्व्हेट ‘खुकरी’ २३ ऑगस्ट १९८९ रोजी मुंबईत सेवेत दाखल झाली. त्या समारंभाला तत्कालीन संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत यांच्यासमवेत कप्तान मुल्ला यांच्या पत्नी सुधा मुल्ला उपस्थित होत्या. तिच्याच वर्गातली नवी ‘कृपाण’ २०२३ मध्ये व्हिएतनामला भेट देण्यात आली. ‘हंगोर’ २००६ मध्ये निवृत्त झाली आणि कराचीच्या सागरी संग्रहालयात ठेवली गेली. दीवमध्ये समुद्राकाठच्या टेकडीवर ‘खुकरी’चे स्मारक आहे, काचेच्या आवरणात तिची प्रतिकृती आहे. दुसरी ‘खुकरी’ ३२ वर्षांच्या सेवेनंतर २३ डिसेंबर २०२१ रोजी विशाखापट्टणम येथे निवृत्त झाली. तिला भंगारात न काढता दीवला आणण्यात आले आणि २६ जानेवारी २०२२ रोजी संग्रहालय म्हणून तेथील प्रशासनाच्या स्वाधीन करण्यात आले.